आधी मोजा, मग भोक पाडा

दसरा जवळ आला की मोटारींच्या शोरूमबाहेर झेंडूच्या माळा लागतात आणि शेजारच्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत काम चालतं. गाडी घरी न्यायचा मुहूर्त ठरलेला असतो. त्याआधी हॉर्न बदलून हवा असतो, फॉगलाइट लागलेले हवे असतात, म्युझिक सिस्टिमला पुरेल अशी मोठी बॅटरी बसलेली हवी असते. सीट कव्हर जरा वाकडं बसलं तर फार तर डोळ्यांना खुपतं. बॉनेटखाली बसवलेल्या वस्तूचं तसं नाही. तिथे एखादा सेंटिमीटर कमी पडला तर एसीचा गॅस जातो, वायर सोलली जाते, गाडी घाटात बंद पडते, आणि कधी कधी पेट घेते. म्हणून माझं मागणं एकच आहे. बॉनेटखाली काहीही बसवण्याआधी तिथली जागा मोजली पाहिजे आणि मोजलेला आकडा गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहिला गेला पाहिजे.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल या ट्रेडचा शिल्पनिदेशक आहे. दोन वर्षांचा कोर्स करून बाहेर पडलेली माझी बरीच पोरं आज हायवेलगतच्या दुकानांत हीच फिटिंगची कामं करतात. पोरं हुशार आहेत, त्यांच्या हाताला वळण आहे. पण दर नव्या बॅचमध्ये एक वाक्य हमखास कानावर येतं, “सर, बसतंय की!” वस्तू हातात धरून जागेवर टेकवली, कशाला लागली नाही, म्हणजे ती बसली असा त्याचा हिशोब. तो हिशोब बंद गाडीचा असतो. बॉनेट उघडं, इंजिन थंड, सगळं स्थिर. ज्या गाडीसाठी आपण ती वस्तू बसवतोय ती खड्ड्यांतून धावणार आहे, तिचं बॉनेट लागलेलं असणार आहे आणि इंजिन तापून हलणार आहे.

इंजिन हलतं, ही पहिली गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते गाडीच्या सांगाड्याला थेट आवळलेलं नसतं, रबरी माउंटिंगवर बसवलेलं असतं. स्टार्टर मारताना, गाडी बंद करताना, चढावर क्लच सोडताना ते त्या रबरावर झुलतं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटारींत इंजिन आडवं असतं, त्यामुळे ते पुढेमागे, म्हणजे रेडिएटरकडे आणि पुन्हा डॅशबोर्डकडच्या पत्र्याकडे झुलतं. बोलेरो, स्कॉर्पिओसारख्या गाड्यांत ते लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं, तिथे डाव्या-उजव्या अंगाला झुकतं. माउंटिंग नवं असेल तर हे हलणं थोडं असतं. गाडी जुनी झाली, रबर चिरलं किंवा बसलं, की ते वाढतं. शोरूममधून आलेल्या गाडीला जी गॅप पुरते ती सात-आठ वर्षं चाललेल्या गाडीला पुरेल असं मानू नये.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एकाने गाडीत बसायचं, हँडब्रेक ओढायचा, ब्रेक पूर्ण दाबायचा, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडून इंजिनावर जोर येऊ द्यायचा. मग रिव्हर्समध्ये तेच करायचं, कारण रिव्हर्समध्ये इंजिन उलट्या अंगाला झुकतं. दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभं राहून पाहायचं. गाडीच्या पुढे किंवा मागे त्या वेळी कोणीही उभं राहता कामा नये. वर्गात हे पहिल्यांदा करून दाखवलं की पोरं गप्प होतात. लोखंडाचा एवढा मोठा गोळा इतका सरकत असेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

दुसरी गोष्ट बॉनेटची. वरून ते गुळगुळीत दिसतं, पण आतल्या अंगाला पत्र्याच्या फासळ्या असतात, मध्ये लॉकचा हूक असतो, काही गाड्यांत आवाज अडवणारी गादी असते. दोन फासळ्यांमध्ये मिळणारी उंची फासळीखाली मिळत नाही. शिवाय बॉनेट आपण वरून सोडून लावतो. ते आदळतं तेव्हा कडेचे रबरी बफर दाबले जातात, बॉनेट क्षणभर आपल्या जागेपेक्षा खाली जातं आणि मग वर येऊन स्थिरावतं. त्या क्षणी खाली असलेल्या वस्तूला ते लागलं की नाही, हे बाहेरून कोणालाच दिसत नाही.

ते कळण्यासाठी आम्ही शाडूची माती वापरतो. गणपतीनंतर ती सहज मिळते, नसेल तर घट्ट मळलेली कणीक चालते. जी वस्तू बसवायची आहे ती तात्पुरती जागेवर धरायची, तिच्या सगळ्यांत उंच टोकावर मातीचा गोळा ठेवायचा, वर प्लॅस्टिकचा कागद घालायचा. बॉनेट आधी हाताने हळूच टेकवून पाहायचं. कुठे कडक अडलं तर तिथेच थांबायचं. अडलं नाही तर नेहमीसारखं लावायचं. मग उघडून चेपलेला गोळा पात्याने मधोमध कापायचा आणि त्याची जाडी पट्टीने मोजायची. तीच खरी गॅप. माझ्या वर्गातला नियम असा आहे : वस्तू बॉडीला बसणार असेल तर तिच्या डोक्यावर किमान १५ मिलिमीटर, इंजिनावर किंवा इंजिनाला लागून बसणार असेल तर २५. गाडीच्या कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तो धरायचा. या सगळ्याला एक कप चहा पिण्याएवढा वेळ लागतो.

जागा अपुरी असून बॉनेट दाबून लावलं तर आणखी एक धोका असतो. बॉनेट दोन टप्प्यांत लागतं. खालून रेटा असेल तर ते नुसतं पहिल्या, सुरक्षेच्या हुकावर अडकून राहू शकतं, आणि लागलंय असं वाटतं. शहरात काही होत नाही. हायवेवर वेग वाढला की वारा त्याला उचलायला लागतो. हूक सुटला तर बॉनेट काचेवर येतं आणि ड्रायव्हरला समोरचं काहीही दिसत नाही.

सर्वांत जास्त सांभाळायची वस्तू म्हणजे बॅटरी. जास्त अँपिअर-अवरची बॅटरी बऱ्याचदा जास्त उंच असते. माहितीपत्रकात पेटीची उंची आणि टर्मिनलसकट एकूण उंची असे दोन आकडे दिलेले असतात. बघायचा तो दुसरा, आणि त्यातही वर क्लॅम्पचा बोल्ट किती येतो ते धरून. मोटारीचा सगळा पत्रा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो. प्लसचं टोक बॉनेटला लागलं की सरळ शॉर्ट सर्किट होतं, आणि मध्ये तो करंट तोडायला कोणताही फ्यूज नसतो. स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर देणारी ती बॅटरी पत्र्यावर ठिणग्यांचा पाऊस पाडते. बॉनेटच्या आतल्या रंगावर चंद्रकोरीसारखा चकाकणारा ओरखडा दिसला तर ती गाडी त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. बॅटरीची तळची मापं वेगळी असतील तर तिला धरणारी पट्टीही नीट बसत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याला बॅटरी उसळते. उभ्या गाडीत मोजलेली गॅप मग कामाची राहत नाही.

हॉर्नचं प्रकरण दिसायला साधं, पण नुकसान मोठं करणारं. दोन हॉर्नचा सेट बहुतेक वेळा ग्रिलच्या मागे, एसीच्या कंडेन्सरसमोर लावतात. कंडेन्सरचे पाइप आणि पापुद्रे ॲल्युमिनियमचे, नाजूक असतात. आमच्या गावातल्या एका शिक्षकांच्या गाडीतला गॅस दर उन्हाळ्यात संपायचा. ते गॅस भरून घ्यायचे, महिनाभर थंड हवा यायची, पुन्हा गरम. त्यांनी गाडी माझ्याकडे आणली तेव्हा ग्रिल काढल्यावर कारण समोरच होतं. हॉर्नच्या पट्टीचा कोपरा कंडेन्सरच्या पाइपावर घासत होता. हॉर्न वाजतो तेव्हा त्याचा पडदा थरथरतो, त्यासोबत पातळ पट्टीही थरथरते. घासून घासून तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. हॉर्न लावताना मध्ये गॅप होती, पण ती इतकी कमी की हॉर्नच्या कंपनाने भरून निघाली. नव्या कंडेन्सरला त्या हॉर्नच्या कितीतरी पट पैसे गेले. मास्तरांनी मला विचारलं, “सर, हे आम्हाला आधी कोणी सांगायला नको का?” त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि हा लेख त्याच प्रश्नापायी लिहितो आहे.

वायरिंगलाही जागा लागते, हे विसरलं जातं. वस्तू मावते, पण तिच्या मागचं कनेक्टर आणि वायरचं वळण मावत नाही. मग वायर पत्र्याच्या धारेवर दाबली जाते, किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाते. मॅनिफोल्ड काही शे अंशांपर्यंत तापतो, आणि साध्या पीव्हीसी वायरचं आवरण जेमतेम ७० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं. रेडिएटरचा पंखा, पट्टा आणि पुल्या या फिरत्या वस्तूंपासून तर वायर हातभर लांबच हवी.

आता मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. बॉनेट आणि इंजिन यांच्यामध्ये गाडी बनवणाऱ्यांनी जी पोकळी ठेवलेली असते तिच्यावर रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचाही हक्क आहे. गाडीने पादचाऱ्याला धडक दिली तर त्याचं डोकं बॉनेटवर आदळतं. बॉनेटचा पत्रा खाली दबायला जागा असेल तर तो धक्का गिळतो. पत्र्याखाली लगेच कडक लोखंड असेल तर तोच धक्का कवटीला बसतो. आपल्याकडे पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी एआयएस १०० हे मानक आहे, आणि अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, १९६६ पासून आहे. इतक्या अभ्यासाने ठेवलेली पोकळी आपण एखादा जाड बार, उंच बॅटरी किंवा कंप्रेसर बसवून भरून टाकतो. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. गाडीपुढे लोखंडी बुलबार लावण्याविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं, त्यामागे हाच विचार होता. बुलबार निदान बाहेरून दिसतो. बॉनेटखालचं लोखंड कोणत्याच पोलिसाला दिसत नाही, म्हणून तिथली जबाबदारी बसवणाऱ्याची आणि बसवून घेणाऱ्याची जास्त आहे.

दुकानदार म्हणतात, गिऱ्हाईक थांबत नाही आणि मोजण्याचे पैसे देत नाही. यात तथ्य आहे. फिटिंग करणाऱ्या पोराला नगावर पैसे मिळतात, दिवसात जितक्या गाड्या तितकी कमाई. त्याने मोजायला वेळ घेतला तर त्याचाच खिसा रिकामा राहतो. म्हणून दोष मी त्या पोराला देणार नाही. पण मोजमाप हे फिटिंगच्या कामाचाच भाग आहे, त्याची मजुरी वेगळी लावा आणि गिऱ्हाइकाने ती आनंदाने द्यावी. बॅटरीवर आणि हॉर्नवर पैसे मोजणाऱ्या माणसाला ते जड नाहीत.

काही जण म्हणतात, याला कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करण्यावर बंधन आहे, आणि बाहेरून सीएनजी किट बसवलं तर आरटीओत नोंद करावी लागते. पण हॉर्न, बॅटरी, रिले या छोट्या वस्तू कोणत्याही तपासणीतून जात नाहीत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. तेवढ्या काळात तिचं बॉनेट उघडून पाहायला सरकारी माणूस येणार नाही. ते आपणच पाहिलं पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी व्हाव्यात. ॲक्सेसरी बनवणाऱ्यांनी खोक्यावर वस्तूचं एकूण माप छापावं, पट्टी, बोल्ट आणि कनेक्टरच्या वळणासकट. आयटीआयच्या प्रात्यक्षिकात मातीची चाचणी आणि इंजिनाचं हलणं पाहणं हा सक्तीचा भाग व्हावा. आणि दुकानाच्या बिलावर तीन आकडे यावेत : बॉनेटखाली किती गॅप, जवळच्या हलत्या भागापासून किती, गरम भागापासून किती. खाली मोजणाऱ्याची सही.

या दसऱ्याला गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. काउंटरवर उभं राहून किमतीवर जेवढी घासाघीस करता, त्याच्या दहाव्या हिश्शाचा वेळ या तीन आकड्यांसाठी द्या. ते विचारा, समोर मोजून घ्या, बिलावर लिहून घ्या. दुकानदाराकडे आकडा नसेल, तर त्याच्या हातातलं ड्रिल तुमच्या गाडीला लागू देऊ नका.