उत्तरेचा गोठलेला समुद्र आणि कोल्हापूरचा माल

चीनच्या निंगबो बंदरातून निघालेले एक कंटेनर जहाज 2025 च्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदराला लागले. ते सुएझमार्गे गेले नाही. उत्तर ध्रुवाभोवतीच्या आर्क्टिक महासागरातून ते सुमारे वीस दिवसांत पोहोचले. सुएझमार्गे याच प्रवासाला साधारण चाळीस दिवस धरतात. अशा बातम्या आल्या की बाजारात चर्चा सुरू होते. बर्फ वितळतो आहे, नवा रस्ता उघडला, आता युरोपचे भाडे उतरणार, असे काही जण छातीठोकपणे सांगतात. शिरोली आणि गोकुळ शिरगावहून कास्टिंग पाठवणाऱ्यांनी, चपलांची निर्यात करणाऱ्यांनी आणि त्यांच्या भरवशावर काम घेणाऱ्या कारागीर बांधवांनी या बोलण्यावर हिशेब बांधू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. याचे कारण समजण्यासाठी आधी हा समुद्र कसा आहे ते पाहिले पाहिजे.

समुद्र की बर्फाचे मैदान?

दक्षिण ध्रुवावर जमीन आहे व तिच्यावर बर्फ आहे. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, तिथे समुद्र आहे आणि बर्फ त्यावर तरंगतो. जगातील पाच महासागरांत हा सर्वांत लहान. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1 कोटी 40 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या चौपटीहून अधिक. रशिया, नॉर्वे, ग्रीनलंड, कॅनडा आणि अलास्का यांनी त्याला कडे घातले आहे. बाहेर पडायला दारे थोडी. पॅसिफिककडे बेरिंगची सामुद्रधुनी आहे. ती जेमतेम 85 किलोमीटर रुंद व सुमारे 50 मीटर खोल आहे. अटलांटिककडे ग्रीनलंड आणि स्वालबार्ड बेटांच्या मधली फ्राम सामुद्रधुनी हे खोल पाण्याचे मुख्य दार आहे.

बर्फाच्या कारखान्यात ज्यांनी काम केले आहे, त्यांना या समुद्राचा एक गुण चटकन कळेल. लादीचे डबे ज्या खाऱ्या पाण्यात बुडवतात, ते पाणी शून्याखाली गेले तरी गोठत नाही. समुद्राचे पाणीही उणे 1.8 अंशाच्या आसपास गोठते, आणि गोठताना मीठ बाहेर टाकते. म्हणून जुना झालेला समुद्री बर्फ वितळवला तर ते पाणी पिण्याजोगे होते.

हा बर्फ एका जागी थांबत नाही. वारा व प्रवाह त्याला सैबेरियाच्या बाजूने ध्रुवावरून फ्रामच्या दाराकडे ढकलतात. नॉर्वेच्या नानसेनने 1893 मध्ये आपले 'फ्राम' जहाज मुद्दाम बर्फात अडकवून हे सिद्ध केले. जहाज बर्फाबरोबर वाहत 1896 मध्ये बाहेर आले. मार्चमध्ये हा बर्फ सर्वांत जास्त पसरतो आणि सप्टेंबरात सर्वांत कमी उरतो. उपग्रहांची मोजणी 1979 पासून आहे. तेव्हा सप्टेंबरात सुमारे 70 लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. 2012 मध्ये तो 34 लाखांपर्यंत उतरला. हा आजवरचा नीचांक आहे. त्यानंतरची वर्षे कमी-जास्त गेली, पण जुना आकडा परत आलेला नाही.

नव्या रस्त्याचा हिशेब

जहाजे मधल्या ध्रुवावरून जात नाहीत. ती रशियाच्या किनाऱ्याने बॅरेंट्स, कारा, लापतेव्ह, पूर्व सैबेरियन आणि चुकची या समुद्रांतून जातात. हे समुद्र उथळ आहेत. सॅनिकोव्ह सामुद्रधुनीत खोली 13 मीटरच्या आसपासच भरते, तर आजची मोठी कंटेनर जहाजे पूर्ण भरली की 16 मीटर पाण्यात बुडतात. म्हणजे मोठ्या जहाजाने बेटांना उत्तरेकडून वळसा घालायचा, आणि तिकडे बर्फ जास्त. रस्ता मोकळा असतो तो उन्हाळ्याच्या अखेरचे थोडे महिने. परवानगी रशियाची, बर्फ फोडणारी जहाजेही रशियाचीच. एमएससी व सीएमए-सीजीएम या बड्या कंपन्यांनी हा मार्ग वापरणार नाही असे 2019 मध्येच जाहीर केले होते. 2024 मध्ये या मार्गावर सुमारे 3 कोटी 80 लाख टन माल हलला, पण त्यातला बहुतेक रशियाचाच वायू, तेल आणि धातूचा माल होता.

आता अंतर पाहा. जपानच्या योकोहामाहून रॉटरडॅमला सुएझमार्गे साडेवीस हजार किलोमीटरच्या आसपास पडतात. उत्तरेकडून साडेतेरा हजार. जपान, कोरिया आणि उत्तर चीनला एक तृतीयांश बचत आहे. मुंबईहून मात्र रॉटरडॅम सुएझमार्गे बारा हजार किलोमीटरच्या आत आहे. आफ्रिकेला वळसा घालून सुमारे वीस हजार. आणि आपला माल सिंगापूर, जपान, बेरिंग असा उत्तरेकडून न्यायचे ठरवले तर तेवीस हजारांवर जाईल. सुएझच्या जवळजवळ दुप्पट! तांबड्या समुद्रात नोव्हेंबर 2023 पासून जहाजांवर हल्ले झाले, मोठ्या कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेकडून वळवली, दहा-चौदा दिवस वाढले आणि भाडे कित्येक पट चढले. त्या संकटातही हा उत्तरेचा रस्ता आपल्या उपयोगाचा नव्हता.

याचा अर्थ सरळ आहे. हा रस्ता आपल्यासाठी नाही, आपल्या स्पर्धकासाठी आहे. जे कास्टिंग आपण युरोपला विकतो तेच चीनही विकतो. आज युरोप आपल्याला जवळ आणि त्यांना लांब आहे. त्यांची वाट वर्षातून काही महिने जरी आखूड झाली, तरी आपली ही जमेची बाजू तेवढी कमी होते. एक अपवाद आहे. चेन्नई ते व्लादिवोस्तोक हा सागरी मार्ग 2019 मध्ये जाहीर झाला. रशियाच्या पूर्व भागात गिऱ्हाईक असेल तर त्याचा विचार जरूर करावा.

या प्रदेशातल्या व्यापाराचा हिशेब जुन्या लोकांनीही केला होता. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याच्या प्रवासवर्णनात व्होल्गाकाठच्या बुल्गार नगरापलीकडच्या अंधाऱ्या मुलखाची हकिकत आहे. व्यापारी कुत्र्यांच्या गाड्यांनी चाळीस दिवस बर्फातून जात आणि माल ठेवून मागे फिरत. दुसऱ्या दिवशी मालासमोर केसाळ कातडी ठेवलेली दिसत. सौदा पटला तर ती उचलायची, नाही पटला तर तशीच ठेवायची, मग समोरचा आणखी भर घाली. देणाऱ्या-घेणाऱ्यांची गाठ कधीच पडत नसे. इब्न बतूतालाही तिकडे जावेसे वाटले होते, पण कष्ट मोठे आणि फायदा थोडा म्हणून त्याने बेत सोडला.

पाण्याची दुसरी बाजू

मग हा समुद्र आपल्याला विसरता येईल काय? नाही. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, काळे पाणी ते शोषून घेते. बर्फ घटला की उत्तरेची हवा तापते आणि वाऱ्यांच्या वाटा बदलतात. गोव्यात वास्को येथे ध्रुवीय व महासागर संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. कोल्हापूरहून घाट उतरला की एका दिवसाच्या आत पोहोचता येते. तिचे 'हिमाद्री' केंद्र स्वालबार्डमध्ये 2008 पासून आहे. तेथील शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांचा संबंध असू शकतो, असे मांडले आहे. आपले 2019 आणि 2021 चे महापूर ऑगस्ट व जुलैचे होते. त्यांचे खापर या बर्फावर फोडता येणार नाही. परंतु गणपती गेले, पाऊस संपला, असे समजून माल खालच्या गोदामात उतरवण्याची सवय आता धोक्याची आहे. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे आणि त्या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेले, हे शाहूपुरी-लक्ष्मीपुरीच्या दुकानदारांना सांगायला नको.

आमची सूचना

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे की, युरोपच्या ऑर्डरचा करार करताना सुएझ बंद पडले तर वाढीव भाडे कोणी सोसायचे, हे आधीच लिहून घ्यावे. माल पोहोचवण्याच्या तारखेत किमान दोन आठवड्यांची सवड ठेवावी. छोट्या निर्यातदारांनी एका कंटेनरमध्ये चौघांचा माल भरून भाडे वाटून घ्यावे. विम्याच्या कागदात पुराचे नुकसान धरले आहे काय, ते हप्ता भरण्यापूर्वी वाचावे, आणि माल सप्टेंबर संपेपर्यंत वरच्या मजल्यावर ठेवावा. व्यापारी संघटनांनी गोव्याच्या शास्त्रज्ञांना एकदा कोल्हापुरात बोलावून ही माहिती समजावून घ्यावी.

कारण जहाज लांबले की व्यापाऱ्याचे पैसे अडकतात, आणि व्यापाऱ्याचे पैसे अडकले की जोडामागे मजुरी घेणाऱ्या चप्पल कारागिराचा आठवड्याचा बाजार अडतो. मोठा व्यापारी एक हंगाम काढू शकतो, कारागीर दोन आठवडेही काढू शकत नाही. म्हणून कोणाच्या सांगण्यावर भाव लावण्यापूर्वी अंतर मोजावे, करार वाचावा आणि मगच माल हलवावा.