राजभाषा झाली, बोलणारे कुठे?

सुट्टीत आम्ही अलास्कातील संग्रहालये पाहिली. अँकोरेजच्या अलास्का नेटिव्ह हेरिटेज सेंटरमध्ये (१९९९ मध्ये खुले झालेल्या) तळ्याकाठी मूळ रहिवाशांची पारंपरिक घरे उभारली आहेत. पूर्वी तेथील शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई. एयाक ही मातृभाषा असलेल्या शेवटच्या आजी, मेरी स्मिथ जोन्स, २००८ मध्ये वारल्या. २०१४ मध्ये राज्याने २० मूळ भाषांना राजभाषेचा दर्जा दिला. त्यांत एयाकही आहे.

आपल्या मुलांना मराठीची मनाई कोणीच केलेली नाही. तरी घरी ती हिंदी-इंग्रजीतच उत्तर देतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी टिकली ती आईच्या स्वयंपाकघरात. पालकहो, शाळेचा एक तास पुरणार नाही. निदान रात्रीच्या जेवणाला मुलांशी मराठीतच बोला.