‘केएलआर’ परत का आली?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक तरी ‘अ‍ॅडव्हेंचर’ बाईक असतेच. मागे पेट्या, हेडलाइटला जाळी आणि आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास ताम्हिणी घाटापर्यंत. चेष्टा सोडा, पण हा सगळा अवतार ज्या जातीच्या गाडीवरून आला, ती जात जगभर अडचणीत आहे. डांबरावर चालेल आणि मातीतही, अशी एकाच मोठ्या सिलिंडरची साधी ‘ड्युअल-स्पोर्ट’. कावासाकीची केएलआर 650 हे तिचं ठळक उदाहरण.

ही गाडी 1987 ला आली आणि 2007 पर्यंत जवळपास तशीच विकली गेली. 2008 मध्ये रूप बदललं, कार्बुरेटर राहिला. 2018 मध्ये ती बंद झाली आणि जानेवारी 2021 मध्ये कंपनीने ती परत आणत असल्याचं जाहीर केलं. 652 सीसी, पाच गिअर, 23 लिटरची टाकी, तेव्हा अमेरिकेत किंमत 6,699 डॉलरपासून पुढे होती. कार्बुरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, एबीएस हवं असेल तर घ्यायचं. ट्रॅक्शन कंट्रोल नाही, रायडिंग मोड नाहीत.

याला नॉस्टॅल्जिया म्हणून सोडून देतात, ते मला पटत नाही. अशा गाड्या कुठे टिकतात हे प्रेमापेक्षा कायदा जास्त ठरवतो. अमेरिकेत बाईकच्या धुराचे नियम युरोपच्या मानाने सैल. म्हणून 1993 पासूनची होंडा एक्सआर 650 एल तिथे 2024 च्या यादीतही कार्बुरेटरसकट होती. युरोपात युरो 4 चे नियम आले तशी यामाहाची एका सिलिंडरची एक्सटी 660 झेड टेनेरे थांबली आणि पुढे दोन सिलिंडरची टेनेरे 700 आली. आपल्याकडे रॉयल एन्फिल्डची हिमालयन 2016 मध्ये कार्बुरेटरवर आली आणि बीएस 4 मुळे 2017 मध्येच इंजेक्शनवर गेली.

धूर कमी व्हायलाच हवा. सिग्नलला उभं राहून श्वास घेणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. पण त्यात एक गोष्ट हातातून निसटली, ती म्हणजे दुरुस्ती.

जुन्या केएलआरचंच बघा. इंजिनातल्या बॅलन्सर चेनचा ताण ठेवणारा एक छोटा लिव्हर तुटायचा. मालकांनी त्याचं नाव ठेवलं ‘डूहिकी’, म्हणजे आपल्याकडचं ‘ते हे काय ते’. मग छोट्या उत्पादकांनी जास्त मजबूत लिव्हर बनवले आणि लोकांनी घरच्या गॅरेजमध्ये इंजिनची बाजू उघडून ते बसवले. गाडीत खोट होती, पण ती मालकाला दिसत होती आणि पाना घेऊन काढता येत होती. (याच केएलआरवरून अमेरिकी मरीन्ससाठी डिझेलवर आणि जेटच्या इंधनावर चालणारी बाईकसुद्धा बनली, यावरून काय ते समजा.)

आता गाडीतला सेन्सर गेला तर? कार्बुरेटरचा जेट चोंदला की मेकॅनिक तो खोलायचा, फुंकर मारायचा, गाडी सुरू. इंजेक्शनच्या गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, त्यात वाहनंही आहेत. नंतर पोर्टलही आलं. पण पोर्टलवर माहिती असणं वेगळं आणि केलाँगच्या गॅरेजवाल्याच्या हातात स्कॅनर असणं वेगळं.

त्यात जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकवरचा कर 28 वरून 18 टक्के झाला. त्यावरच्या बाईकवर सेस धरून 31 टक्के होता, तो थेट 40. म्हणजे मूळ किमतीच्या दर लाखामागे 22 हजारांचा फरक. हीरोची एक्सपल्स 210 अलीकडे, हिमालयन 450 पलीकडे. नोव्हेंबर 2023 मध्ये गोव्यात मोटोव्हर्सला लाँच झालेल्या या हिमालयनचं इंजिन 452 सीसीचं, ताकद 40 पीएस. केएलआरच्या 652 सीसीमधूनही साधारण तेवढीच ताकद निघते. मग सीसीचा आकडा नक्की काय मोजतो? चैन तर नक्कीच नाही.

दोन व्यक्तींमधल्या जुन्या गाडीच्या व्यवहाराला जीएसटी लागत नाही. त्यामुळे पॉकेटमनी साठवणारी मुलं बंद झालेल्या हिमालयन 411 कडे वळली तर नवल नाही. घेणार असाल तर टेस्ट राइडच्या आधी आपल्या नेहमीच्या मेकॅनिककडे जा आणि तिचा एरर कोड त्याला वाचता येतो का, ते विचारा.