कानांकडे कानाडोळा का?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत पन्नाशी गाठलेल्या कामगाराशी ओरडून बोलावे लागते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. माग चालविला की कान जायचेच, हे कामगाराने गृहीत धरले आहे, मालकाने धरले आहे आणि दुर्दैवाने वस्तीतील फॅमिली डॉक्टरनेही धरले आहे. आमचा आक्षेप या गृहीत धरण्याला आहे.

ताप, खोकला, कंबरदुखी घेऊन हा कामगार त्याच दवाखान्यात जातो. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते. ‘ऐकायला त्रास होतो का?’ हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. सततच्या गोंगाटाने कानाच्या आतील नाजूक पेशी मरतात. त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. हानीची सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते, म्हणून प्रथम कामगाराला स्वतःलाही ती कळत नाही. कळते तेव्हा वेळ गेलेली असते.

प्राथमिक तपासणी महागडी नाही. डॉक्टरने रुग्णाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे, एक कान बोटाने बंद करावा, कुजबुजत तीन आकडे-अक्षरे उच्चारावीत आणि ती परत म्हणायला सांगावीत. कानात मळ किंवा पू असेल तर तोही दिसेल, आणि त्यावर तर उपचार आहेत. मात्र गोंगाटात काम करणाऱ्याला कुजबुज ऐकू आली तरी ऑडिओमेट्रीसाठी पाठविलेच पाहिजे. सुरुवातीची हानी त्या आलेखातच दिसते.

आता कायद्याचे पाहू. गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्यात अधिसूचित रोग होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा घेणाऱ्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. असा रुग्ण आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकाच्या कार्यालयास विनाविलंब लेखी कळविणे बंधनकारक आहे. सामाजिक सुरक्षा संहितेतील भरपाईस पात्र व्यवसायजन्य रोगांच्या यादीतही हा रोग आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे. पण तपासणी नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुरावा नाही आणि पुराव्यावाचून दावा उभा राहत नाही. मालक म्हणणार, वयोमानाने ऐकू येत नसेल! त्याला उत्तर देणारा एकही कागद कामगाराच्या हाती नसतो.

केंद्र सरकारचा बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००७ पासून आहे. लवकर निदान हे त्याचे एक उद्दिष्ट आहे. ते साधायचे तर कामगार आधी ज्याच्याकडे जातो त्या फॅमिली डॉक्टरपासूनच सुरुवात करावी लागेल. यंत्रमागाच्या गावांतील प्रत्येक डॉक्टरला ही तपासणी आणि कळविण्याची कायदेशीर जबाबदारी शासनाने समजावून द्यावी, अशी आमची मागणी आहे.

चळवळीतील कार्यकर्त्यांनीही जयंतीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाबाच्या टेबलाशेजारी कानाच्या तपासणीचे टेबल मांडावे. आणि कामगार बांधवांनो, केसपेपरवर आपण काय काम करता आणि किती वर्षे करता, हे डॉक्टरकडून तारखेसह लिहून घ्या. उद्या दावा लढताना तोच कागद तुमच्या बाजूने बोलेल.