माठ, घाम आणि दुपारचे चार

मे महिन्यात नागपूरला माठातलं पाणी गारेगार होतं, मुंबईत ते जेमतेम थंड होतं. माठ तोच, पण मुंबईच्या दमट हवेत बाहेर झिरपलेलं पाणी लवकर सुकत नाही. बहारीनमध्ये सलमाबादच्या गॅरेजांत, वर्कशॉपांत उन्हाळ्यात राबणाऱ्या माणसाचं शरीरही असाच एक माठ आहे.

उष्मागतिकीचा पहिला नियम सांगतो की ऊर्जा नष्ट होत नाही. कष्टाचं काम करताना शरीरात साधारण 400 वॅट उष्णता तयार होते. ती बाहेर जायलाच हवी. दुसरा नियम सांगतो की उष्णता आपणहून गरमाकडून थंडाकडेच जाते. त्वचा 35 अंशांवर आणि हवा 42 अंशांवर असेल, तर उपाय एकच उरतो: घाम. शाळेत पाठ केलेला 540 कॅलरींचा आकडा उकळत्या पाण्याचा; त्वचेच्या तापमानाला तो ग्रॅममागे सुमारे 580 असतो. तासाला एक लिटर घाम सुकला, तर 580 किलोकॅलरी, म्हणजे जवळपास 670 वॅट उष्णता निघून जाते. पण तो सुकायला हवा. ओघळून खाली पडलेला घाम फुकट गेला.

आता घाम सुकतो किती वेगाने ते पाहा. ओल्या त्वचेवर बाष्पदाब 5.6 किलोपास्कल असतो. दुपारी 42 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर हवेतला बाष्पदाब 1.6, फरक 4. संध्याकाळी 35 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल, तर हवेत 4.2, फरक फक्त 1.4. तापमान सात अंशांनी उतरलं, पण घाम सुकवण्याची हवेची ताकद जवळजवळ एक तृतीयांशावर आली.

बहारीनमध्ये उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 उघड्यावर काम करायला बंदी असते. 2025 पासून ती 15 जून ते 15 सप्टेंबर अशी तीन महिन्यांची झाली. भर उन्हापासून वाचवणारा हा नियम हवाच. पण चारनंतर दमट हवा आली, तर घड्याळाला ते कळत नाही. कतारने 2021 मध्ये वेळेच्या बंदीला आणखी एक अट जोडली: ऊन, वारा आणि आर्द्रता धरून मोजलेलं 'वेट बल्ब ग्लोब' तापमान 32.1 अंशांच्या वर गेलं, की काम थांबवायचं. माझ्या मते आखातात सगळीकडे असंच हवं.

तुमच्यापैकी कितीतरी जण आखातात इंजिनियर, सुपरवायझर आहात. कायद्याची वाट कशाला पाहायची? साध्या तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळा, वारा घाला आणि आकडा बघा. वरच्या उदाहरणात तो दुपारी 24 आणि संध्याकाळी 31 दाखवेल. तो चढू लागला की माणसांना सावलीत बसवा, पाणी द्या. घड्याळात कितीही वाजलेले असोत.