घाबरू नका, म्हणजे नेमकं काय करू?

पावसाळ्यातला वीकएंड म्हणजे पेणचं घर, आल्याचा चहा आणि आत्याचा फोन. आत्या रोह्याला राहते, अष्टमीत. कुंडलिका हाकेच्या अंतरावर. गेल्या पावसाळ्यात तिने विचारलं, "अरे इंजिनिअर, डोलवहाळ बंधाऱ्याची धोका पातळी २३.९५ मीटर म्हणे. म्हणजे आपल्या ओट्यावर पाणी येणार की नाही?"

चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, पण उत्तर देता आलं नाही. व्हॉट्सॲपवर आलेल्या सरकारी निवेदनातही ते नव्हतं. तिथे काय होतं? 'नागरिकांनी घाबरून न जाता सतर्क राहावे. प्रशासन सज्ज आहे.' बस्स!

आता तुम्ही म्हणाल, निवेदन देणारा बिचारा तरी काय करणार? मान्य. माझा राग त्याच्यावर नाहीच. एका कानाला तालुक्याचा फोन, दुसऱ्या कानाला मंत्रालयाचा, समोर टीव्हीवाले. आकडा कमी सांगितला तर लपवला, जास्त सांगितला तर घबराट पसरवली. मग तो बिनधोक वाक्य शोधतो. माझा राग त्या वाक्यावर आणि त्याला तेच बोलायला लावणाऱ्या व्यवस्थेवर आहे.

कारण मोकळी जागा राहिली की तिथे अफवा येऊन बसते. जुलै २००५ च्या पुरानंतर दोनच दिवसांत मुंबईत 'धरण फुटलं, लाट येतेय' अशी आवई उठली आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. पाण्याने नव्हे, अफवेने! आपल्याकडे तर १९८९ साली अंबेने नागोठणं आणि जांभूळपाडा बुडवलेलं लोक विसरलेले नाहीत. त्यांना 'घाबरू नका' सांगून काय उपयोग?

बरं, जमतच नाही असंही नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्याआधी किनाऱ्यावरच्या लोकांना स्पष्ट सांगितलं गेलं होतं, घरं सोडा. हजारो लोक हलले, जीव वाचले. पण वादळानंतर? आमच्याकडे वीज नाही, रेंज नाही आणि सगळी माहिती ट्विटरवर! आता मोबाईल भोंग्यासारखा वाजतो, पण आत मजकूर काय? 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिवृष्टी.'

आमच्याकडे सर्व्हर पडला की दर अर्ध्या तासाला तीन ओळी लिहाव्या लागतात. काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही, पुढची खबर किती वाजता. 'परिस्थिती नियंत्रणात आहे' असं लिहिलं तर क्लायंट फाडून खाईल. आणि तिथे फक्त पैसे बुडतात हो, माणसं नाही.

मग सरकारी प्रवक्त्यालाही 'अजून माहीत नाही' म्हणायची मुभा द्या ना! त्यासाठी कोणी त्याची बदली करू नये. मीटरच्या जोडीला कुठली आळी, कुठला पूल, किती वाजेपर्यंत निघायचं, हे सांगा. आणि रेंज गेली की रिक्षावर भोंगा लावून सांगा.

असो. आत्याने तिचं बघितलंय. मागच्या पुराचं पाणी जिथवर आलं होतं, त्याच्या दोन पायऱ्या खाली तिने रंगाची रेघ मारलीय. रेघ भिजली की गॅस बंद, कागदपत्रं पिशवीत, शेजारच्या आजींना घेऊन वरच्या मजल्यावर. सातवी शिकलेल्या बाईला जमतं ते सरकारला का जमू नये?