हे असं का? : ट्रकची फुंकर कुठे अडली?

दोस्तांनो, ही श्रावणातली गोष्ट. काकांचा जुना ट्रक गूळ घेऊन कोल्हापूरहून रत्नागिरीला निघाला. आंबा घाट उतरण्याआधीच समोरची काच आतून धूसर झाली. पुसली, की पुन्हा तेच!

असं का? आपल्या श्वासातल्या वाफेचे गार काचेवर बारीक थेंब होतात. हीटरचा पंखा इंजिनच्या गरम पाण्यावर तापलेली हवा काचेवर सोडतो. ती हवा ओल शोषून घेते. पण इथे जेमतेम फुंकर येत होती!

"फुडं दिसंना, तर गाडी हाकायची न्हाई," म्हणत काकांनी ट्रक थांबवला.

मिस्त्री आले. आधी त्यांनी नुसतं ऐकलं! पंखाच मंद असेल, तर दोष मोटारीत नाहीतर वायरिंगमध्ये. पंखा जोरात, पण हवा कमी, तर वाट तुंबलेली. पंखा चांगला घरघरत होता. काचेखालची जाळी उघडली, तर आत कुजलेली पानं आणि उंदराचं घरटं! ते काढताच झोत सुटला.

आता घरातल्या कूलरची हवा कमी झाली, तर आधी काय कराल? बरोब्बर, ऐकाल! हात मात्र मोठ्यांनी वीज बंद केल्यावरच लावायचा हं!